चेंडू थांबेल तिथूनच फटका; गोल्फपटूची कसोटी पाहणारा उतार

नवी दिल्ली : दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गोल्फचे मैदान हिरव्या गालिच्यासारखे सपाट भासते. प्रत्यक्षात पहिला फटका जिथून मारला जातो ती टीची जागा मुद्दाम सपाट केलेली असते. पुढे मात्र चेंडू चढावर, उतारावर किंवा तिरक्या जमिनीवर विसावतो. गुलमर्ग, नालदेहरा, शिलाँग यांसारख्या डोंगराळ भागांतील मैदानांवर तर हा नेहमीचाच अनुभव आहे.

चेंडू असेल तिथून आणि असेल तसा खेळावा, हे गोल्फचे मूळ तत्त्व. पाय जमिनीत घट्ट रोवण्याची मुभा आहे. परंतु पायांखाली माती किंवा दगड रचून जागा सपाट करता येत नाही. तसे केल्यास स्ट्रोक प्ले प्रकारात दोन फटक्यांचा दंड होतो. त्यामुळे बदल करावा लागतो तो खेळाडूलाच.

चढावर क्लबच्या पात्याचा मागे झुकलेला कोन वाढतो. चेंडू उंच उडतो, पण कमी अंतर कापतो. लगतच्या दोन आयर्न क्लबांच्या कोनांत साधारणतः चार अंशांचा फरक असतो. म्हणजेच पाच अंशांच्या चढावर सात क्रमांकाचा क्लब जवळपास आठ क्रमांकासारखा वागतो. म्हणून खेळाडू अधिक अंतर देणारा क्लब निवडतो. उतारावर नेमके उलटे घडते: चेंडू खालून जातो आणि जमिनीवर पडल्यावर अधिक घरंगळतो. दोन्ही प्रसंगी खांद्यांची रेषा जमिनीच्या कलाशी समांतर ठेवणे हिताचे ठरते.

आडव्या उतारावर दिशेचा प्रश्न उद्भवतो. चेंडू पायांपेक्षा उंचावर असल्यास उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो. त्यासाठी क्लब थोडा खालून पकडून लक्ष्याच्या उजवीकडे नेम धरला जातो. चेंडू पायांपेक्षा खाली असल्यास तो उजवीकडे जातो. तेव्हा पाय अधिक फाकवून, गुडघे वाकवून, फटका पूर्ण होईपर्यंत शरीराची उंची कायम राखावी लागते. पात्याचा कोन जितका मोठा, तितके हे वळण अधिक.

अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल मैदानाचे तेरावे होल हे याचे ठळक उदाहरण. मास्टर्स स्पर्धेत हे पार ५ होल अनेकदा निर्णायक ठरते. डावीकडे वळणारा तेथील फेअरवे उजवीकडून डावीकडे उतरतो आणि ग्रीनपुढून ओढा वाहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी चेंडू पायांपेक्षा उंचावर राहतो; फिल मिकेलसनसारख्या डावखुऱ्यासाठी तोच उतार उलट ठरतो. २०२३ मध्ये या होलची लांबी ५१० वरून ५४५ यार्ड करण्यात आली. परिणामी दुसऱ्या फटक्यासाठी अधिक लांब क्लब हाती घ्यावा लागू शकतो, आणि तोही तिरक्या जमिनीवरून.

अशा वेळी दोन पर्याय उरतात: ओढा पार करून थेट ग्रीन गाठायचे, किंवा अलीकडे थांबून तिसऱ्या फटक्यावर भिस्त ठेवायची. दुसऱ्या मार्गाने एखादा फटका वाचवण्याची संधी हुकू शकते. पहिल्या मार्गाने चेंडू पाण्यात गेल्यास दंडाचा फटका गुणसंख्येत जमा होतो. क्लब फिरवण्यापूर्वी पायांखालचा उतार अचूक ओळखणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.