नवा संगणक, जुना प्रिंटर : जोडणी कशी करावी?

गोंदिया (प्रतिनिधी) : धानाचा ट्रक वजनकाट्यावरून उतरल्यावर कार्यालयातून येणारा 'खर्रर्र' आवाज गोंदियाच्या राईस मिल व्यावसायिकांना नवा नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पिना शाईच्या रिबनवर आघात करतात आणि पावतीखालच्या कार्बन प्रतीही त्याच वेळी उमटतात. लेसर वा इंकजेट प्रिंटरमध्ये हा आघातच नसल्याने त्यांना ते साधत नाही.

अडचण येते ती संगणक बदलताना. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिले जाणारे नियमित साह्य थांबविले आणि नव्या संगणकाची खरेदी अनेकांना टाळता येईना. या संगणकांच्या मागे सहसा २५ छिद्रांचा रुंद पॅरलल पोर्ट नसतो. सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये रूढ केलेली ही पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीमुळे सर्वत्र पोहोचली. आठ तारांतून आठ बिट एकाच वेळी पाठविणाऱ्या या पोर्टची जागा पुढे १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीने घेतली.

मात्र एवढ्यावरून चालू प्रिंटर भंगारात काढण्याचे कारण नाही. आपला बिलाचा प्रोग्राम विंडोजचा आहे की डॉसचा, हे आधी पाहावे.

प्रोग्राम विंडोजचा असेल तर एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला ३६ पिनांचा सेंट्रॉनिक्स जोड असलेली केबल पुरते. येथे एक चूक हमखास होते. केबल लावूनही छपाई होत नाही आणि दोष प्रिंटरला दिला जातो. वस्तुतः ही केबल एलपीटी१ हा पोर्ट निर्माणच करत नाही. विंडोज तिला 'यूएसबी००१' असे काहीसे नाव देते. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या भागात जाऊन एलपीटी१ ऐवजी तो पोर्ट निवडला की काम होते. प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजमधील 'जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली' वापरता येतो. मात्र त्यावर देवनागरी पावती छापली जाणार नाही.

डॉसचा प्रोग्राम थेट एलपीटी१ कडेच मजकूर पाठवतो, म्हणून तेथे नुसती केबल अपुरी पडते. विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीत प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' आज्ञेने एलपीटी१ त्याकडे वळविता येत असे. विंडोज ११ मात्र केवळ ६४ बिटचे आहे; त्यावर असे जुने प्रोग्राम मुळात सुरूच होत नाहीत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉससारखे सॉफ्टवेअर लागते व छपाईची सोयही त्यातूनच होते. त्यापूर्वी हिशेबाच्या फायलींची प्रत वेगळी काढून ठेवणे अत्यावश्यक.

डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये पॅरलल पोर्टचे कार्ड बसविणे हा अधिक भरवशाचा उपाय. कार्डाला कधी एलपीटी३ असे नाव मिळते. डिव्हाइस मॅनेजरमधून ते एलपीटी१ करता येते. कार्ड घेण्याआधी संगणक उघडून मदरबोर्डवर 'एलपीटी' असे लिहिलेली पिनांची दुहेरी रांग आहे का, तेही पाहून घ्यावे. काही बोर्डांवर ती असते आणि मग साधी पट्टी जोडली तरी पोर्ट मिळतो.

जुन्या काही हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे कुलूप, म्हणजे डोंगल, याच पोर्टला लावलेले असते. यूएसबी केबल केवळ प्रिंटरपुरतीच असल्याने तिच्यावर ते चालत नाही.