रंकाळ्याला सायकलने फेरी

आपल्या अब्बांच्या पिढीत कोल्हापुरात सायकल ही घरातली कामाची वस्तू होती. तिच्यावरून माणूस उद्यमनगरातल्या कारखान्यात जायचा, कॅरिअरला दळणाचा डबा बांधायचा आणि पुढच्या दांडीवर लेकराला बसवून शाळेत सोडायचा. ज्याच्याकडे सायकल नव्हती तो तासाच्या भाड्याने आणायचा. आज तीच सायकल जिन्याखाली धूळ खात उभी असते. मुलगा मागतो, मुलगी तर जास्तच मागते, आणि अम्मीचे उत्तर ठरलेले असते, "रस्त्यावर गाड्या किती आहेत, दिसत नाहीत का?"

ही भीती खोटी नाही. म्हणूनच आम्ही काही शिक्षिका, आमची मुले आणि शेजारच्या दोन खाला, रविवारी फजरनंतर रंकाळ्यावर जाऊ लागलो. सायकल शिकायला याहून चांगली जागा शहरात नाही. मोठा चढ नाही, हवा मोकळी, आणि निघालो तिथेच परत येतो. वाटेत रंकाळा टॉवर, चौपाटी, पाण्यातला दगडी संध्यामठ आणि १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस दिसतो. फेरी मारता मारता मुलांना शहराचा इतिहासही सांगता येतो.

आम्ही तळे डाव्या हाताला ठेवून फिरतो. त्याचे कारण साधे आहे. आपली वाहतूक डावीकडून चालते, आणि पाण्याच्या बाजूने एकही गल्ली येऊन मिळत नाही. त्यामुळे अचानक कोणी आडवे येत नाही. मात्र चौपाटीजवळ उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवावे, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. आठ वाजले की फुलेवाडीकडे जाणारी वाहने वाढतात, आणि आमची फेरी तिथेच संपते.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. पायी फिरणाऱ्यांना पदपथ आहे, गाड्यांना रस्ता आहे. सायकलवरच्या दहा वर्षांच्या मुलीने कुठून जायचे? नुसता पांढरा पट्टा मारून भागत नाही, त्यावर लगेच गाड्या उभ्या राहतात. सायकलमार्ग म्हणजे रस्त्यापासून कठड्याने वेगळी केलेली, एका दिशेसाठी किमान २ मीटर रुंदीची सलग वाट.

हे स्वप्न वाटेल. पण सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे नाव घेतो त्या नेदरलँड्समध्येही एके काळी मोटारींनी रस्ते बळकावले होते. १९७१ साली तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत ४०० हून अधिक मुले दगावली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि मुलांचे मृत्यू थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांनी मोकळे रस्ते अनुभवले. आजचे सायकलमार्ग त्यानंतरच्या वर्षांत तयार होत गेले.

वाट मागताना ती कुठून जाणार हेही विचारले पाहिजे. मुंबई महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधायला घेतला, पण त्यासाठी तलावात भराव टाकला गेला. प्रकरण न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकल चांगली, तरी तिच्यासाठी तलाव बुजवणे चांगले ठरत नाही. रंकाळ्याने सांडपाणी आणि जलपर्णीचा त्रास आधीच पुष्कळ सोसला आहे. म्हणून सायकलची वाट रस्त्याच्या रुंदीतून काढावी, पाण्यातून नव्हे.

तोपर्यंत थांबायची गरज नाही. मुंबईत मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून लोकांसाठी मोकळे केले होते. रंकाळ्याच्या एका बाजूला दोन तास असे झाले तर खर्च जवळजवळ काहीच नाही. पालकांनी, शाळांनी आणि मोहल्ल्यांनी एकत्र अर्ज द्यावा. अर्जावर आयांच्या सह्या जास्त असाव्यात, कारण मुलांना घराबाहेर सोडायचे की नाही हे बहुतेक घरी त्याच ठरवतात.

घरी करण्यासारख्या गोष्टी अशा. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर सीटची उंची बरोबर आहे. शिकणाऱ्या लहान मुलांची सीट मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवावी. दोन्ही ब्रेक दर आठवड्याला तपासावेत. मुलींच्या सायकलला चेनचे पूर्ण कव्हर बसवून घ्यावे, म्हणजे ओढणी किंवा बुरख्याचे टोक अडकत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर आणि डोक्यावर हेल्मेट असावेच.

आमच्यातल्या एका खालांनी पन्नाशीनंतर सायकल हातात घेतली. तीन रविवार त्या नुसत्या पाय टेकत चालवत होत्या. चौथ्या रविवारी त्या टॉवरपासून चौपाटीपर्यंत न थांबता गेल्या, आणि त्यांची नात मागून ओरडत होती, "दादी, ब्रेक! ब्रेक दाबा!" आता त्या स्वतःसाठी सायकल बघत आहेत.