काटकसरीचा कॉम्प्युटर

मराठी मध्यमवर्गीय घरात कुठलीही मोठी वस्तू आधी हिशेबाच्या वहीत येते आणि मग घरात. शिवणयंत्र असेच आले. रेडिओ, फ्रीज, टीव्हीही असेच आले. पण या वस्तूंचे दोन प्रकार होते. टीव्हीसमोर बसायचे ते पाहण्यासाठी, शिवणयंत्रासमोर बसायचे ते काही करण्यासाठी. फाटलेले दुरुस्त व्हायचे, परकर-पोलकी घरीच शिवली जायची, आणि कितीतरी घरांत त्याच यंत्रावर एखाद्या बाईने मुलांच्या फीचे पैसे उभे केले. कॉम्प्युटर आपल्या घरांत शिरू लागला तेव्हा तो या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा, याचा विचार फारसा कोणी केला नाही. मुलांच्या भविष्यासाठी हवा, एवढेच आपण म्हणत राहिलो.

आणि मग खिशात मावणारा फोन आला. आता प्रत्येकाच्या हातात कॉम्प्युटर आहेच, टेबलावरचे ते धूड कशाला, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न वाजवी आहे. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने, म्हणजे २०१७-१८ साली, देशात घरटी मोजणी केली तेव्हा शंभरातल्या जेमतेम अकरा घरांत कॉम्प्युटर आढळला. शहरांत २३.४ टक्के, खेड्यांत ४.४ टक्के. दोनच वर्षांनी, २०२० साली, शाळा बंद झाल्या आणि सबंध वर्ग फोनच्या पडद्यात कोंबला गेला. ज्या घरात एकच फोन आणि दोन मुले होती, तिथे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. फोनवर शिकवणे ऐकता येते, पण चार पाने लिहिता येत नाहीत. हिशेबाचा तक्ता मांडता येत नाही, प्रोग्रॅम लिहून तो का चुकला हे शोधता येत नाही. थोडक्यात, फोन हा टीव्हीचा भाऊबंद आहे. शिवणयंत्राची जागा अजून रिकामीच आहे.

ती जागा साध्या कुटुंबाला परवडेल अशा यंत्राने भरता येईल का? या प्रश्नाला आता चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. कॉम्प्युटर स्वस्त झाला तो 'गरिबांसाठी काही करू या' म्हणून नव्हे, तर 'घरात आधीच काय आहे आणि यंत्रातून काय काढून टाकता येईल' हे कोणीतरी नीट विचारले म्हणून.

हा प्रश्न सर्वांत निर्दयपणे विचारला तो इंग्लंडमधल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी. १९८० साली त्यांनी 'झेडएक्स-८०' नावाचा कॉम्प्युटर तयार स्वरूपात ९९ पौंड ९५ पेन्सला बाजारात आणला. स्वतः जोडणार असाल तर वीस पौंड कमी. घरात टीव्ही आहे ना, मग तोच पडदा. कॅसेट रेकॉर्डर आहे ना, मग प्रोग्रॅम साठवायला तोच. पुढच्याच वर्षी 'झेडएक्स-८१' आला. आधीच्या यंत्रात एकवीस चिप होत्या, या नव्या यंत्रात फक्त चार. किंमत उतरली ६९ पौंड ९५ पेन्सवर, आणि सुट्या भागांचा संच घेतला तर पन्नास पौंडांच्या आत. स्मृती एक किलोबाइट, म्हणजे जेमतेम हजार अक्षरे. कीबोर्ड म्हणजे प्लॅस्टिकचा सपाट पापुद्रा. जादा स्मृतीची डबी मागे खोचली आणि टेबलाला धक्का लागला, तर केलेले सगळे काम पुसले जाई. तरीही ती यंत्रे लाखांनी खपली, कारण त्यावर मुलगा किंवा मुलगी पहिल्या संध्याकाळीच स्वतःचा प्रोग्रॅम लिहू शकत होती. यंत्र सुरू केले की ते काही दाखवत नसे, 'सांगा, काय करू?' म्हणून थांबून राहत असे.

हे वारे आपल्याकडेही आले. १९८४ साली सरकारच्या 'क्लास' योजनेत निवडक शाळांना ब्रिटनचेच 'बीबीसी मायक्रो' कॉम्प्युटर मिळाले. १९८८ साली सिंक्लेअर यांच्या पुढच्या 'स्पेक्ट्रम प्लस' यंत्राची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्यावर काढली. पण आपल्या घरांत कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या वाटेने.

ती वाट आयबीएमने नकळत मोकळी केली. १९८१ साली त्यांनी आपला 'पीसी' घाईने बनवला आणि त्यासाठी बाजारात मिळणारे सुटे भाग वापरले. यंत्राची तांत्रिक माहितीही पुस्तकरूपाने छापली. आत एक छोटा प्रोग्रॅम तेवढा आयबीएमच्या मालकीचा होता. १९८२ साली कॉम्पॅक कंपनीने, मूळ प्रोग्रॅमची नक्कल न करता, अगदी तसेच काम करणारा प्रोग्रॅम नव्याने लिहून काढला. काही वर्षांतच असा प्रोग्रॅम कोणालाही विकत मिळू लागला आणि पीसी ही कोणा एका कंपनीची वस्तू उरली नाही. तैवानचा मदरबोर्ड, अमेरिकेचा प्रोसेसर, कोरियाची रॅम, असा संसार कोणीही जुळवू लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड या गजबजलेल्या बाजारांतून 'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरात आला तो असा.

नव्वदच्या दशकात मी बँकेच्या कर्जविभागात होतो. फ्रीजचे कोटेशन एका ओळीचे असे. असेंबल्ड कॉम्प्युटरचे कोटेशन म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर अशी आठ-दहा ओळींची यादी, बरेचदा हाताने लिहिलेली. आमच्या छापील अर्जात मात्र 'मेक आणि मॉडेल' असा एकच रकाना. त्यात काय लिहायचे? ब्रँडेड यंत्राचे कोटेशन आणा, असे सांगितले की समोरच्या माणसाचा चेहरा उतरत असे, कारण दोन्हींतला फरक त्याच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतका असे. शेवटी विक्रीकर क्रमांक असलेल्या दुकानाचे बिल आणि सगळ्या भागांची यादी जोडून अशी प्रकरणे मंजूर होऊ लागली. त्या याद्या आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यातली प्रत्येक ओळ त्या बापाने किंवा त्याच्या मुलाने चार दुकाने हिंडून, घासाघीस करून ठरवलेली असे. यंत्र घरी येण्याआधीच त्या घराला ते आतून माहीत झालेले असे. पुढे रॅम वाढवायची झाली तर स्क्रू कुठला काढायचा, हे सांगायला कोणी लागत नसे.

याच्या शेजारी मोठ्या योजनांची कहाणी ठेवून पाहावी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास 'सिम्प्युटर' घडवला. हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा, गावाने मिळून वापरावा असा. कल्पना सुंदर होती. विक्री मात्र काही हजारांपलीकडे गेली नाही. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली शंभर डॉलरचा लॅपटॉप प्रत्येक मुलाला देण्याचे स्वप्न मांडले. भारताच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये त्याला नकार दिला. तरी २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीवरच्या शाळेत त्यातले काही लॅपटॉप आले. मात्र यंत्राची किंमत शंभर डॉलरवर कधी उतरली नाही, ती दोनशेच्या आसपास राहिली. या लोकांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण वरून वाटली जाणारी वस्तू लाखोंच्या ऑर्डरी मिळाल्या तरच स्वस्त होते, आणि सरकारांच्या ऑर्डरींवर संसार चालत नाही.

सिंक्लेअर यांचा जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला तो केंब्रिजमध्ये. एबेन अप्टन तिथल्या विद्यापीठात शिकवत असताना संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या घटत होती, आणि येणाऱ्यांना प्रोग्रॅमिंगची सवय नव्हती. घरात कॉम्प्युटर होते, पण ते बिघडवण्याची परवानगी मुलांना नव्हती. म्हणून बिघडला तरी बापाने डोके धरून बसू नये, अशा किमतीचे यंत्र त्यांनी व सहकाऱ्यांनी बनवले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' विक्रीला आला. साधारण पत्त्याच्या पानाएवढी एक पाटी, किंमत ३५ डॉलर. पडदा म्हणून घरचा टीव्ही, वीज फोनच्या चार्जरची, डिस्कऐवजी कॅमेऱ्यात घालतात तसले कार्ड. पहिल्या दिवशीच्या झुंबडीने विक्रेत्यांची संकेतस्थळे कोलमडली. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांनी पूर्ण कॉम्प्युटर कीबोर्डच्याच पोटात बसवला आणि सत्तर डॉलरला विकला. त्याला वीज लागते ती फार तर पंधरा वॅट, एखाद्या बऱ्यापैकी एलईडी दिव्याइतकी. २०२४ पर्यंत अशी सहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

पण इथेही सावध राहायला हवे. या यंत्रांचा मोठा वाटा आता कारखान्यांकडे जातो. २०२२ च्या चिपटंचाईत कारखान्यांच्या मागण्या आधी पुरवल्या गेल्या आणि घरगुती गिऱ्हाईक रांगेत मागे राहिले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरी चिपचा बाजार ओढून घेतला, भाव भडकले, आणि त्या डिसेंबरात रास्पबेरी पायलाही किमती वाढवाव्या लागल्या. स्वस्ताई हा काही निसर्गनियम नाही.

अशा वेळी उरते ती आपली खास मराठी वाट. आहे तेच टिकवायचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' चा नेहमीचा आधार संपवला. २०१७ च्या आधीच्या बहुतेक कॉम्प्युटरांवर 'विंडोज ११' अधिकृतपणे चढत नाही. म्हणून कचेऱ्यांतून धडधाकट यंत्रे भंगारात निघतात. त्यातली काही तर पुस्तकाएवढी छोटी असतात. असे एक यंत्र घ्यावे. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून साधी एसएसडी बसवावी. एवढ्या एका बदलाने म्हातारे यंत्र तरणे झाल्यासारखे वाटते. रॅम आठ गिगाबाइट असली की घराला पुरते. त्यावर लिनक्स चढवावे. ते फुकट असते, देवनागरी उत्तम उमटवते आणि मराठी टंकलेखनाचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीच असतो. कीबोर्ड मात्र चांगला घ्यावा, बोटे रोज त्यावरच चालायची आहेत. दिखाऊ कॅबिनेटवर आणि रंगीत दिव्यांवर एक रुपयाही घालवू नये. आणि हे काम दुकानदाराकडून करून न आणता मुलांना जवळ बसवून करावे. झाकण उघडले की भीती निम्मी जाते.

'मुले त्यावर खेळच खेळतील' हा आक्षेप येणारच. खेळतील. पण टेबलावरचा पडदा सगळ्या घराला दिसतो, पांघरुणातला फोन कोणालाच दिसत नाही. शिवाय हे यंत्र एकाचे नसते. सकाळी आजोबांचे पेन्शनचे कागद, दुपारी आईच्या बचत गटाचा हिशेब, संध्याकाळी मुलीचा प्रोग्रॅम, रात्री वडिलांचे सोसायटीचे पत्र. वस्तू वाटून घेतली की तिची खरी किंमत माणशी चौथ्या हिश्शावर येते, हा हिशेब कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात नवा फोन घेण्याची चर्चा निघेल, तेव्हा वहीत शेजारी आणखी एक आकडा मांडून पाहावा. जुना फोन अजून वर्षभर चालवला, तर वाचलेल्या पैशांत आपल्या टेबलावर काय उभे राहू शकते? उत्तर पाहून बहुतेक घरे चकित होतील, असा माझा अंदाज आहे.