गॅरेजमधून गाडी आली आणि नवेच दुखणे



गळीत हंगाम तोंडावर आला की आपले ट्रॅक्टर, ट्रक, जीप गॅरेजला जातात. पिंपरीत टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) आली, पुढे चाकणला कारखाने उभे राहिले, तशी या पट्ट्यात गॅरेजेही गल्लोगल्ली झाली. पण काम करून आणलेली गाडी कधी कधी दुसऱ्याच दिवशी नवी तक्रार काढते. अशा वेळी इंजिन खोलू देण्याआधी आम्ही एकच विचारायला सांगू: मिस्त्रीने काय काय उघडलं होतं? पहिली तपासणी तिथेच करावी.

डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी सुरू होऊन लगेच बंद पडू लागली, तर पंप गेला असे धरून चालू नये. फिल्टर बदलताना लाइनीत हवा शिरते. गाडीने एअर धरली म्हणतात ती हीच. एअर काढावी, वायसर नीट बसलाय का पाहावा; पुष्कळदा तेवढ्यावर भागते. (पंपाचा खर्च काय येतो ते तुम्हांला सांगायला नको!)

ब्रेकच्या कामानंतर पेडल मऊ लागले तर तिथेही बहुधा हवाच. मात्र अशी गाडी रस्त्यावर काढूच नये, भरली ट्रॉली जोडून तर नाहीच नाही. चाक काढले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. सेल्फ फिरेना? बॅटरीचे टर्मिनल हलतेय का बघा.

जुना पट्टा नेमका त्याच दिवशी तुटला, तर त्यात मिस्त्रीचा काय दोष? म्हणूनच बिलावर किलोमीटर आणि बदललेले भाग लिहून घ्यावेत, जुने भागही मागून आणावेत.