बॉम्ब कोणत्या बाजूचा?

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्या थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्याच दिवशी हिरोशिमात अणुबॉम्बविरोधी जागतिक परिषदेचं नववं अधिवेशन सुरू होत होतं. ज्या शहराने बॉम्ब सोसला त्याला तरी या बातमीने दिलासा मिळायला हवा होता. घडलं उलटंच. जपानचे समाजवादी म्हणाले, कराराचं स्वागत करू या आणि कोणत्याही देशाच्या चाचणीचा निषेध करू या. कम्युनिस्टांना ते मान्य नव्हतं. साम्राज्यवाद्यांचा बॉम्ब आणि समाजवादी देशाने स्वसंरक्षणासाठी केलेला बॉम्ब एका मापाने मोजता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी समाजवादी पक्ष आणि 'सोह्यो' हा कामगार महासंघ परिषदेतून बाहेर पडले. वार्तांकनासाठी आलेले तरुण कादंबरीकार ओए केन्झाबुरो हे सगळं पाहत होते. त्यांच्या 'हिरोशिमा नोट्स' या पुस्तकाची सुरुवात याच परिषदेपासून होते.

शीतयुद्धाचा हिशेब मांडताना आपण क्षेपणास्त्रं मोजतो, लष्करी तळ मोजतो, कोरिया-व्हिएतनामचे मृत मोजतो. तो हिशेब खराच आहे. पण जपानमध्ये या स्पर्धेने आणखी एक गोष्ट हिरावून घेतली, आणि मला ती फार मोठी वाटते. बॉम्बने होरपळलेल्या माणसांचं दुःखही 'आमच्या बाजूचं' आणि 'त्यांच्या बाजूचं' असं वाटून घेतलं गेलं.

याची मुळं अमेरिकी ताब्याच्या काळात आहेत. १९४५ नंतर जनरल मॅकआर्थर यांच्या प्रशासनाने राजबंद्यांना सोडलं, कामगार संघटनांना मोकळीक दिली, युद्धाचा त्याग करणारं नववं कलम संविधानात आणलं. दोन-तीन वर्षांतच वॉशिंग्टनचा सूर पालटला. चीनमध्ये माओंची सरशी होत होती. जानेवारी १९४९ च्या निवडणुकीत जपानी कम्युनिस्टांनी ३५ जागा जिंकल्या. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि जपान हा आशियातला साम्यवादविरोधी बालेकिल्ला ठरला. कम्युनिस्टांना नोकऱ्यांतून काढण्याची मोहीम सुरू झाली आणि ७५ हजारांचं राखीव पोलीस दल उभं राहिलं. ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला आणि त्याच दिवशी अमेरिकी तळ कायम ठेवणारा सुरक्षा करारही झाला. भारत त्या परिषदेला गेला नाही. जून १९५२ मध्ये त्याने जपानशी स्वतंत्र करार केला. या सगळ्या वर्षांत हिरोशिमा-नागासाकीवरचं लेखन आणि छायाचित्रं अमेरिकी सेन्सॉरच्या कात्रीखाली होती. 'असाही ग्राफ'ने जळालेल्या माणसांची छायाचित्रं छापली ती ताबा उठल्यानंतर, ऑगस्ट १९५२ मध्ये.

त्यामुळे सर्वसामान्य जपानी माणसाला किरणोत्सर्ग खऱ्या अर्थाने कळला तो मासळीमुळे. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब उडवला. शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीचपट स्फोट झाला. जाहीर धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या टूना पकडणाऱ्या लाकडी बोटीवर पांढरी राख पडत राहिली. बोटीवर २३ जण होते. १४ मार्चला ती याइझू बंदराला लागली, दोन दिवसांनी 'योमिउरी'ने बातमी फोडली, आणि टोकियोतल्या त्सुकिजी मासळी बाजारातला टूना जमिनीत पुरावा लागला. वर्षअखेरपर्यंत साडेआठशेहून अधिक बोटींना आपली मासळी फेकून द्यावी लागली. २३ सप्टेंबरला बोटीवरचे रेडिओचालक कुबोयामा आइकिची वारले. ते ४० वर्षांचे होते.

अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांचा पहिला संशय काय होता? ही मच्छीमारांची नव्हे, कम्युनिस्ट हेरांची बोट असावी, असं त्यांनी राष्ट्राध्यक्षांचे माध्यम सचिव जेम्स हॅगर्टी यांच्या कानावर घातलं. भाजलेल्या अंगाने घरी परतलेल्या कोळ्यांकडे पाहतानाही आधी बाजू दिसावी, इतका हा चष्मा जाड झाला होता. नेहरूंनी मात्र २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत चाचण्या तूर्त थांबवण्याची मागणी केली. करार होईपर्यंत निदान स्फोट तरी थांबवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

इकडे टोकियोच्या सुगिनामी भागात मासळीवाल्यांचा धंदा बसला आणि घरोघरी आज जेवायला काय करायचं हा प्रश्न पडला. तिथल्या सार्वजनिक सभागृहात गृहिणींचं वाचन मंडळ भरत असे. सभागृहाचे प्रमुख यासुई काओरू हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक होते. मे महिन्यात त्यांच्यासह या बायकांनी सह्यांची मोहीम सुरू केली. आवाहनात पक्षाचं नाव नव्हतं, कोणत्याही देशाला शिवी नव्हती. हायड्रोजन बॉम्ब नको, एवढीच मागणी. वर्षभरात देशभरातून तीन कोटींवर सह्या झाल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली, त्यातून 'गेन्सुइक्यो' ही संघटना जन्मली, आणि पुढच्या वर्षी बाधितांची स्वतःची 'हिदानक्यो'. गावोगावचे पुराणमतवादी नगरसेवकही या मोहिमेत होते, हे विसरता कामा नये.

मग पक्ष आले. कुबोयामांच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांत जपान सरकारने अमेरिकेकडून २० लाख डॉलर घेऊन प्रकरण मिटवलं. कायदेशीर जबाबदारी कोणाचीच नाही, असं ठरलं. दुसरीकडे, एकेकाळी युद्धगुन्ह्यांचे संशयित म्हणून तुरुंगात असलेले 'योमिउरी'चे मालक शोरिकी मात्सुतारो 'शांततेसाठी अणू' या अमेरिकी प्रदर्शनाचे यजमान झाले. १९५६ मध्ये ते प्रदर्शन थेट हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात मांडलं गेलं. मला हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं.

डावीकडेही ओढाताण कमी नव्हती. सुरक्षा कराराच्या नूतनीकरणाला 'गेन्सुइक्यो'ने विरोध करताच सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं बाजूला झाली. जून १९६० मध्ये संसदेसमोरच्या धुमश्चक्रीत काम्बा मिचिको ही २२ वर्षांची विद्यार्थिनी मेली; अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा जपान दौरा रद्द झाला; करार मात्र टिकला. ऑगस्ट १९६१ च्या परिषदेने ठराव केला की जे सरकार चाचण्या प्रथम पुन्हा सुरू करील ते शांततेचा शत्रू. काही आठवड्यांतच सोव्हिएत संघाने चाचण्या सुरू केल्या, आणि ऑक्टोबरात ५० मेगाटनांचा स्फोट केला. ज्यांनी ठरावाला हात वर केले होते त्यांतलेच कित्येक आता या बॉम्बची बाजू सावरू लागले. १९६३ पर्यंत मॉस्को आणि पेकिंग यांचंच फाटलं होतं. जपानी कम्युनिस्ट पक्ष पेकिंगच्या बाजूने झुकला आणि मॉस्कोच्या कराराविरुद्ध उभा राहिला. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोत ऑलिंपिक चालू असताना, चीनने पहिला बॉम्ब उडवला. पक्षाने त्याचंही समर्थन केलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये समाजवाद्यांची वेगळी 'गेन्सुइकिन' स्थापन झाली.

या फाटाफुटीत मला सर्वाधिक आदर वाटतो तो मोरिताकी इचिरो यांच्याबद्दल. नीतिशास्त्राचे प्राध्यापक, बॉम्बने उजवा डोळा गेला. १९६२ मध्ये ते चाचण्यांच्या निषेधार्थ हिरोशिमाच्या स्मृतिशिलेसमोर १२ दिवस बसले. बॉम्ब कोणाचा हे त्यांनी विचारलं नाही. तरीही त्यांना गट निवडावाच लागला. 'हिदानक्यो'ची हिरोशिमातली शाखा दुभंगली आणि एकाच नावाच्या दोन संघटना झाल्या. १९७७ मध्ये जागतिक परिषद पुन्हा एकत्र भरू लागली, पण १९८६ पासून पुन्हा वेगवेगळी.

फुटीचा फायदा सरकारला झाला. पंतप्रधान सातो एइसाकू यांनी १९६७ मध्ये अण्वस्त्रं बनवणार नाही, बाळगणार नाही, देशात येऊ देणार नाही, अशी तीन तत्त्वं मांडली. १९७४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. मात्र आणीबाणीच्या वेळी ओकिनावात अण्वस्त्रं आणू देण्याचा गुप्त करार त्यांनी १९६९ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी केला होता. त्याची प्रत २००९ मध्ये त्यांच्या कुटुंबाकडे असल्याचं उघड झालं. एकसंध चळवळ असती तर हे इतकी वर्षं झाकून राहिलं असतं, असं मला वाटत नाही.

२०२४ मध्ये 'हिदानक्यो'ला शांततेचं नोबेल मिळालं. अण्वस्त्रबंदीच्या २०१७ च्या करारावर जपानची सही अजूनही नाही. देश अमेरिकी अण्वस्त्रांच्या छत्राखाली आहे. आणि १९५४ मधल्या त्या इतर बोटींवरचे कोळी? त्यांच्या किरणोत्सर्गाच्या तपासणीच्या नोंदी सरकारने २०१४ मध्ये खुल्या केल्या. २०१६ मध्ये कोची जिल्ह्यातल्या वृद्ध मच्छीमारांनी आणि त्यांच्या वारसांनी सरकारवर भरपाईचा दावा लावला. २०१८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.