दीर, सून आणि ऑल्ट ०२५४

सकाळी ९.४०
शनिवार पेठेत तळमजल्यावरची आठ बाय दहाची खोली. अक्षरजुळणी करणाऱ्या ताई शटर वर ढकलतात, यूपीएस चालू करतात, कीबोर्ड उलटा करून दोनदा झटकतात. आज माझ्या पुस्तिकेची चौदा पानं लावायची आहेत. विषय जुनी इंग्रजी, म्हणजे साधारण इ.स. ११०० च्या आधीची. तिच्यातले विसरले गेलेले शब्द आणि त्यांची आपल्याकडची भावंडं. पानाला ४५ रुपये. प्रूफचा कागद ३ रुपये, तो वेगळा.

१०.१५
पहिल्याच पानावर गाडी अडते. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी एक अक्षर होतं. उभी काठी, मधोमध पोट. नाव थॉर्न, म्हणजे काटा. आपलं 'तृण' त्याच कुळातलं. ताईंचा मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. त्यात या अक्षराच्या जागेवर मराठीचा एक तुकडा बसवलाय. थॉर्न टाकलं की भलतंच काही उमटतं. मग शब्द सिलेक्ट करायचा, फॉन्ट बदलायचा, ऑल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर ०२५४. बोट उचललं की काटा हजर. 'ए' आणि 'ई' चिकटून झालेल्या अक्षराला ०२३०. ताई दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवतात. असे शब्द दोनशेच्या वर आहेत. जास्तीचे पैसे किती, विचारलं. "पान म्हणजे पान, सर."

१२.०५
दोन कटिंग, वीस रुपये. मी दिले. पानावर आता 'वेर' म्हणजे पुरुष, आपला 'वीर'. इंग्रजीत तो 'वेअरवुल्फ'मध्ये उरलाय. 'एओह' म्हणजे घोडा, भावंड 'अश्व'.

२.१०
डबा झाला. नववं पान. 'ताकोर : नवऱ्याचा भाऊ.' ताईंची बोटं थांबतात.
"म्हणजे दीर की!"
दीरच. संस्कृत 'देवृ'. आपल्याकडे 'द' तिथे तिकडे 'त' किंवा 'ट' : दहा-टेन, दोन-टू. याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये हा नियम मांडला. खाली 'स्नोरू', म्हणजे स्नुषा, आपली सून. 'स्वेगेर' म्हणजे श्वश्रू, सासू. 'स्वेओर' म्हणजे श्वशुर, सासरा. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या घरांत ही चारही नाती स्वतःच्या नावानं नांदत होती. पुढे चारही शब्द गेले. त्यांच्या जागी 'इन-लॉ' आलं, चर्चच्या विवाहकायद्यातलं. आता दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा, सगळे एकाच नावाचे. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.
"आणि जाऊ?"
जाऊ संस्कृत 'यातृ'. तिची बहीण लॅटिनमध्ये आहे, जुन्या इंग्रजीत मला भेटली नाही.
"बघा, म्हणजे जाऊ आपल्याकडेच टिकली," म्हणत ताई पुन्हा टायपिंगला लागतात.

३.२०
वीज जाते. यूपीएस टीं टीं करतो. आधी सेव्ह, मग शटडाऊन. ताई खुर्ची दारात ओढतात आणि उजेडाला प्रूफं तपासतात. मी बॉसवर्थ-टोलरचा १८९८ चा कोश उघडून एकेक स्पेलिंग ताडतो. 'ताकोर'मधल्या 'ए'वर दीर्घाची आडवी रेघ हवी. त्यांच्या फॉन्टात ती नाही.

४.३०
वीज आली. ताई एक डॅश घेतात, बारीक करतात, वर उचलतात, डावीकडे सरकवत 'ए'च्या डोक्यावर ठेवतात. प्रूफ काढलं तर रेघ शेजारच्या 'सी'वर. पुन्हा सरकवतात, केसभर. एका शब्दाला अकरा मिनिटं. अशा रेघा अजून तीस-चाळीस आहेत.

७.००
चौदा पानांचे ६३०. दोनदा काढलेल्या प्रूफचे अठ्ठावीस कागद, ८४. एकूण ७१४. ताई ७१० घेतात. मनगट दाबत दाबत फाईल पेन ड्राईव्हवर उतरवतात. मॉनिटरवरची चिठ्ठी मी काढायला जातो.
"राहू द्या. उरलेल्या पानांना लागेल."