शेजारची राजधानी

गेल्या दिवाळीत माझा एक भाचा इस्तंबूलचा प्रवास आटोपून चिटगुप्प्यास आमच्याकडे चार दिवस राहावयास आला होता. कोणत्याही प्रवासी मंडळाबरोबर न जाता, हाती नकाशा आणि खांद्यावर पिशवी घेऊन तो एकटाच ते शहर पायी हिंडला होता. रात्रीची जेवणे उरकल्यावर तो छायाचित्रे दाखवू लागला. त्यांत एका देखण्या मंडपाचे चित्र होते. दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या चकाकत्या फरश्या आणि त्यांतच गुंफलेली अक्षरे. ‘चिनिली क्योश्क’ असे त्या वास्तूचे नाव. इस्तंबूल जिंकणाऱ्या सुलतान दुसऱ्या महंमदाने ती 1472 साली बांधविली, असे तो सांगत होता.

तो आकडा ऐकून मी चमकलो. आमच्या बीदरमधील महमूद गावानाचा मदरसा त्याच वर्षीचा! तशाच निळ्या फरश्या, तशीच फरश्यांतून उमललेली अक्षरे. मी हे सांगताच भाच्याने साहजिकच विचारले, “मामा, मग तिथल्या फरश्यांवर नक्षी कसली आहे हो?”

मला सांगता येईना. चिटगुप्प्याहून बीदर ते केवढे? सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत यावे एवढे. नोकरीच्या काळात शाळेच्या सहली घेऊन मी तेथे कितीतरी वेळा गेलो आहे. परंतु त्या प्रत्येक वेळी मी मुलांची डोकी मोजली. कमानी मोजल्या नाहीत. त्या रात्री मी ठरविले की, एक दिवस भाच्याप्रमाणेच एकट्याने जायचे. वाटाड्या नको, घाई नको. दुसऱ्याच्या देशात जाऊन तो जे करतो, ते मी माझ्या जिल्ह्यात करून पाहावे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी डब्यात दोन भाकऱ्या व शेंगाची चटणी घेऊन मी मन्नाएखेळ्ळीमार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. आमच्याकडील बस ही एक भाषाशाळाच असते. वाहक तिकीट मागतो कानडीत, म्हातारी सुट्ट्या पैशांवरून भांडते मराठीत, आणि दोघांचा समेट होतो दखनीत! वाटेत हळूहळू काळी माती मागे पडते आणि तांबडी जमीन सुरू होते. बीदरचे पठार हे जांभ्या दगडाचे. बहामनी सुलतान अहमदशहाने 1430 च्या सुमारास गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलविली, त्यामागे ही उंची, हा दगड आणि उत्तरेची मांजरा नदी ही कारणे होती, हे बसच्या खिडकीतूनही उमगते.

शहराच्या मध्यभागी चौबारा नावाचा गोल, उंच बुरूज आहे. चारही दिशांनी येणारे रस्ते येथे एकत्र मिळतात. त्याच्या पायथ्याशी चहा घेऊन मी किल्ल्याच्या रस्त्याने निघालो आणि थोड्याच वेळात मदरशासमोर येऊन उभा राहिलो.

वाचकहो, ही इमारत आज अर्धीमुर्धीच उभी आहे. एके काळी तिच्या दर्शनी बाजूस दोन मिनार होते. आता एकच उरला आहे. औरंगजेबाच्या काळात येथे दारूगोळा साठविला होता आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा भयंकर स्फोट होऊन वास्तूचा मोठा भाग उडाला. तरीही जे उरले आहे ते पाहताना मन भरून येते. तीन मजली इमारत, मधे विस्तीर्ण चौक, त्याभोवती विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या खोल्या, व्याख्यानांची दालने, ग्रंथालय आणि मशीद. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. भाच्याला द्यावयाचे उत्तरही मिळाले. उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांची नक्षी आहे. एखाद्या लुगड्याच्या काठासारख्या त्या रेषा मिनाराला वेढीत वर चढत जातात. बऱ्याच फरश्या गळून पडल्या आहेत; पण सकाळच्या तिरप्या उन्हात उरलेल्या निळ्या तुकड्यांना अजूनही तेज येते.

मी चौकात एका खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. मास्तरकीत जन्म गेलेल्या माणसाला शाळेत परके वाटत नाही, मग ती साडेपाचशे वर्षांपूर्वीची का असेना! ज्याने हे विद्यालय उभारले तो महमूद गावान मूळचा इराणातील गिलान प्रांताचा. 1453 च्या सुमारास, म्हणजे तुर्कांनी इस्तंबूल घेतले त्याच सुमारास, तो व्यापारी म्हणून बीदरला आला आणि पुढे बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याच्या पत्रसंग्रहात इस्तंबूलच्या त्या सुलतानाला लिहिलेली पत्रेही आहेत. तेव्हा भाच्याने पाहिलेला मंडप आणि माझ्यासमोरचा मिनार या दोहोंच्या धन्यांचा पत्रव्यवहार होता! आज आपण ज्या गावाला आडबाजूचे जिल्ह्याचे ठिकाण म्हणतो, ते तेव्हा जगाच्या हमरस्त्यावर होते.

त्या हमरस्त्यावरून एकट्याने आलेला एक प्रवासी मला येथे आठवला. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी 1470 च्या आसपास आपल्या कोकणातील चौलच्या बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने बरोबर एक घोडा आणला होता. जुन्नरला तेथील सुभेदाराने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले. एका भल्या मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी केली, म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे तो बीदरला येऊन राहिला. सरदारांचा थाटमाट आणि खेड्यांतील रयतेचे दारिद्र्य या दोन्ही गोष्टी त्याने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवल्या आहेत. मायदेशी परतताना घर गाठण्यापूर्वीच तो वारला. टिपणे मात्र पोचली. एकटा प्रवासी हा असा असतो. त्याला कोणी दाखवीत नाही, म्हणून त्याला अधिक दिसते.

किल्ल्यात मी तीन तास हिंडलो. काही ठिकाणी अखंड खडकात खोदून काढलेला तिहेरी खंदक आहे. तो ओलांडून आत गेले की सोळा खांबांची मशीद लागते. हिचे साल 1423–24, म्हणजे ही राजधानीहूनही जुनी. तिच्या थोराड, गोल खांबांच्या रांगांतून चालताना आपल्याच पावलांचा आवाज मागून येतो. अली बरीदशहाने सजविलेल्या रंगीन महालाला पुष्कळदा कुलूप असते, पण पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत नम्रपणे विनंती केल्यास तो उघडून दाखवितात. आतील काळ्या दगडात शिंपल्याचे चमकते तुकडे जडवून काढलेली वेलबुट्टी आहे. अंधारात तिच्यावर उजेड पडला की चांदणे सांडल्याचा भास होतो. जवळच तर्कश महाल आहे. एका तुर्की राणीसाठी तो बांधला अशी परंपरा आहे. तख्त महालाच्या कमानीवर फरश्यांत रेखलेला वाघ आणि त्याच्या पाठीमागचा उगवता सूर्य पाहण्यास मात्र मान बरीच वर करावी लागते.

आणि मग मी दिवाण-ए-आमच्या पडक्या ओट्यावर आलो. खरे सांगायचे तर आजच्या दिवसाचे माझे खरे ठिकाण तेच होते.

मराठी घरांत बेदर हे नाव इतिहासाच्या पुस्तकातून येत नाही. ते कीर्तनातून येते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत, दुर्गादेवीचा दुष्काळ, भुकेल्यांसाठी उघडलेली बादशहाची धान्याची कोठारे, आणि पंतांना पकडून नेत असताना विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात उभा राहिलेला पांडुरंग! महिपतींच्या ‘भक्तिविजया’त ही कथा आहे. माझ्या आजीने ती मला सांगितली तेव्हा, विठूने सोन्याची थैली ओतली ती जागा कशी असेल, याचा मी रात्रभर विचार करीत होतो. आज त्याच दरबाराच्या ओट्यावर गवत डुलत होते.

येथेच मला एक जुनी टोचणी आठवली. वीसेक वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी हीच कथा रंगवून सांगत होतो. बादशहाचा क्रोध सांगताना माझा आवाज चांगलाच चढला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुसलमान मुलगा उठला आणि त्याने विचारले, “सर, त्या दरबारात एकसुद्धा भला माणूस नव्हता का?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तो खरोखरच विचारीत होता. मी म्हणालो, “खाली बस, धडा संपवायचा आहे.” तो बसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी काही विचारले नाही.

दुपारी नानक झिऱ्याच्या गुरुद्वारात लंगरच्या पंक्तीत बसून जेवलो. डब्यातली भाकरी तेथेच एका वाटसरूला दिली. नंतर एक रिक्षा ठरविली. रिक्षावाला म्हणाला, “अष्टूर तो सब जाते मास्तर, बोलो और कहाँ जाना?” मी म्हणालो, “अष्टूरनंतर महमूद गावानाच्या कबरीवर.” त्याने वळून माझ्याकडे पाहिले आणि न बोलता रिक्षा सुरू केली.

अष्टूरला बहामनी सुलतानांच्या कबरी एका रांगेत उभ्या आहेत. जुलमी म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या हुमायूनच्या घुमटावर वीज पडून तो उभा फाटला आहे; लोक त्यातून काय अर्थ काढतात हे सांगावयास नको. परंतु राजधानी वसविणाऱ्या अहमदशहाच्या कबरीत छतभर रंगकाम आहे आणि तेथे आजही दिवा लागतो. मुसलमान त्याला ‘वली’ म्हणतात. लिंगायत बांधव त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. होळीनंतर हिंदू तिथीप्रमाणे त्याचा उरूस भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचे जंगम त्यात मानाने येतात. बादशहाच्या कबरीपुढे नारळ फुटतो आणि शंख वाजतो. पन्नास वर्षे शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हते!

महमूद गावानाची कबर गोरनळ्ळीच्या बाजूस आहे. तिच्यावर घुमट नाही, रंग नाही, फरश्या नाहीत. उघड्या आकाशाखाली एक साधी कबर. 1481 साली विरोधकांनी त्याच्या मोहरेचा ठसा कपटाने मिळविला, कोऱ्या कागदावर उमटविला आणि ओरिसाच्या राजास फितुरीचे निमंत्रण दिल्याचे पत्र त्यावर लिहिले. तिसऱ्या महंमदशहाने चौकशी न करता सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचा वध करविला. मागाहून त्याचा खजिना तपासला, तेव्हा स्वतःसाठी राखलेले असे त्यात फारसे काही निघाले नाही, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. वर्षभरातच सुलतानही गेला आणि पाठोपाठ राज्याची शकले होऊ लागली.

त्या कबरीपाशी उभा असताना दोन कथा माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन बसल्या. दामाजीपंतांनी रयतेसाठी कोठारे उघडली. महमूद गावानाने विद्येसाठी आपली तिजोरी उघडली. दोघेही बेदरचेच चाकर, दोघांवरही धन्याची गैरमर्जी झाली. एकासाठी विठू धावून आला. दुसऱ्यासाठी कोणीच आले नाही. आणि मी वर्गात शिकविताना बादशहाच्या क्रोधापाशीच थांबलो होतो. वास्तविक कीर्तनकार तेथे थांबत नाहीत. विठूचे रूप पाहून बादशहाच वेडावला, दामाजीपंतांना सन्मानाने वागवून ‘तो विठू मला पुन्हा दाखवा’ म्हणाला, असे कथेतच आहे. उत्तर माझ्या आजीपाशी होते, मदरशाच्या दगडांत होते. माझ्या जिभेवर तेवढे नव्हते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटते की, आपला इतिहास रायगडावर आणि पुण्यात आहे आणि आपण येथे केवळ पाहुणे. पण इंदूर, तंजावर, बडोदे, बीदर ही गावेही आपल्या आजीच्या गोष्टींत आहेत. त्यांतील निदान शेजारचे एक तरी गाव कधीतरी एकट्याने पाहावे. बीदर हैदराबादेहून सुमारे 140 किलोमीटर आहे. 2017 पासून कलबुर्गीहून हुमनाबादमार्गे रेल्वेही झाली आहे. हिवाळ्यात यावे, सकाळी लवकर निघावे, पायात जुने सवयीचे जोडे असावेत. परतताना बिदरी कारागिरांच्या गल्लीत जरूर डोकवावे. जस्त-तांब्याच्या मिश्रणावर चांदीची तार ठोकून बसविल्यावर किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून ते भांडे तीत उकळतात. धातू काळा होतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते. ज्या मातीवर पाऊस-ऊन पडलेले नाही तीच माती लागते, असे कारागीर सांगतात.

संध्याकाळच्या बसने मी परतलो. भाच्याला मिनाराच्या नक्षीचे वर्णन पत्राने कळविले आहे. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता कोठे असतो, मला माहीत नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे लिहितो. होता, बाळा. त्या दरबारात भला माणूस होता. त्याने शाळा बांधली होती.